सुधारून वाढवलेली आवृत्ती

मराठी ग्रंथव्यवहारात ‘सुधारून वाढवलेली आवृत्ती’ असे मुखपृष्ठावर छापण्याचा प्रघात जुना असून, आधीच्या आवृत्तीत काय बिघडले होते याची कबुली न देता ते दुरुस्त केल्याचे श्रेय घेण्याची सोय त्या तीन शब्दांत आहे. या सोयीचा जितका मनमुराद लाभ ग्रंथकारांनी घेतला नसेल तितका तो हौशी फलककारांनी घेतलेला आढळतो. ‘फलककार’ ही संज्ञा येथे अशा गृहस्थासाठी योजली आहे, की जो एक छोटासा यंत्रमानव करावा या उद्देशाने कामाला लागतो, त्या यंत्रमानवाचा मेंदू ठरणारा नियंत्रक फलक, म्हणजे बाजारभाषेत ‘बोर्ड’, आपण घरच्या घरीच तयार करावयाचा असा निश्चय करतो, आणि त्यानंतर कित्येक वर्षे यंत्रमानवाकडे फिरकत नाही. या जातीचा अभ्यासासाठी उपलब्ध झालेला नमुना एकच असून तो प्रस्तुत लेखकाच्याच घरात, प्रस्तुत लेखकाचाच चष्मा लावून वावरत असल्यामुळे, विवेचनात तटस्थता कितपत राखली गेली आहे हे वाचकांनीच ठरवावे.

या उद्योगाच्या केंद्रस्थानी असलेला सूक्ष्मनियंत्रक, म्हणजे मायक्रोकंट्रोलर, हा आकडेमोड करणारा भाग, स्मृती आणि बाहेरच्या जगाशी व्यवहार करणारे पाय या तिन्ही गोष्टी एकाच चिपमध्ये बाळगणारा लहानसा संगणक होय. हौशी मंडळींत विशेष लोकप्रिय असलेल्या एटीमेगा 328पी या चिपला 28 पाय असतात, आज्ञावली साठवण्यासाठी 32 किलोबाइट कायमची आणि काम करताना लागणारी 2 किलोबाइट तात्पुरती स्मृती असते. देवनागरीतील प्रत्येक चिन्ह साठवण्यास सर्वसाधारणपणे तीन बाइट लागत असल्यामुळे वरचा परिच्छेददेखील या तात्पुरत्या स्मृतीत मावणार नाही. तथापि चाके फिरवणे, दिवा लावणे आणि काळी रेघ ओळखणे एवढ्यासाठी ती पुरेशी असते, आणि फलककाराने आजवर या चिपकडून करून घेतलेल्या कामांसाठी तर ती फारच जास्त ठरली आहे.

प्रकरणाचा आरंभ पाचवीत शिकणाऱ्या भाच्याला दिलेल्या एका वचनाने झाला. काळ्या पट्टीवरून आपोआप चालत जाणारी गाडी, जिला हौशी मंडळी ‘लाइन फॉलोअर’ म्हणतात, ती शाळेच्या प्रदर्शनासाठी पंधरा दिवसांत करून देण्याचे मामाने कबूल केले होते. तयार बोर्ड बाजारात काही शे रुपयांत मिळत असताना तो घरी करण्याचे कारण काय, असा प्रश्न पत्नीने विचारला तेव्हा फलककाराने तत्त्वाचा आधार घेतला.

“तयार बोर्डात आपल्याला नको असलेल्या गोष्टी फार असतात.”

“अहो, मग या घरात दुसरं काय आहे?”

या उत्तरावर अधिक चर्चा होऊ शकली नाही.

साहित्य मिळवण्यासाठी मुंबईकर लॅमिंग्टन रोडला जातो आणि पुणेकर बुधवार पेठेतील तपकीर गल्ली गाठतो. या दोन्ही ठिकाणी ग्राहकाची पारख तो काय मागतो यावरून न होता किती मागतो यावरून होते. चिपला लय देणाऱ्या 16 मेगाहर्ट्‌झच्या स्फटिकाला 22 पिकोफॅरडचे दोन कपॅसिटर लागतात. कपॅसिटर म्हणजे विद्युतभार काही काळ साठवून ठेवणारा घटक, आणि पिकोफॅरड हे त्याच्या क्षमतेचे असे एकक की ज्यापेक्षा लहान एककाची कोणाला सहसा गरज पडत नाही.

“बावीस पीएफ दोन द्या.”

“शंभरचं पाकीट आहे.”

“मला दोनच हवेत.”

“मग दोनच वापरा.”

अशा रीतीने घरात आलेले उरलेले अठ्ठ्याण्णव कपॅसिटर म्हणजे पुढील एकोणपन्नास फलकांची नैतिक जबाबदारी होती, हे त्या वेळी कोणाच्या ध्यानात आले नाही. त्याच पिशवीतून झिरो पीसीबी, बर्ग स्ट्रिप, चिप बसवण्याचा आयसी बेस, ‘104’ असा आकडा मिरवणारे कपॅसिटर आणि बीओ मोटार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पिवळ्या मोटारींची एक जोडीही आली. ‘104’ म्हणजे दहावर चार शून्ये, अर्थात एक लाख पिकोफॅरड, म्हणजेच 0.1 मायक्रोफॅरड; एकच गोष्ट तीन प्रकारे सांगून तिन्ही वेळा ग्राहकाला अडाणी ठरवण्याची ही पद्धत ज्याने शोधली, त्याला मनुष्यस्वभावाची चांगलीच जाण असली पाहिजे. आणलेल्या मालाचा हिशेब तयार बोर्डाच्या किमतीच्या अडीचपट झाला, तेव्हा फलककाराने रिक्षाचे भाडे त्यातून वगळले आणि उरलेली रक्कम ‘शिक्षण’ या खात्यावर टाकली.

यानंतर आराखड्याचे काम येते. त्यासाठी कीकॅड हे मोफत सॉफ्टवेअर उपलब्ध असून त्याचा आरंभ 1992 साली जाँ-पिएर शारास या फ्रेंच गृहस्थाने केला. या सॉफ्टवेअरमध्ये कोणत्या घटकाचा कोणता पाय कोणाला जोडावयाचा हे आधी आकृतीत दाखवावे लागते, आणि नंतर त्या जोडण्या तांब्याच्या पट्ट्यांच्या, म्हणजे ट्रॅकच्या, रूपाने फलकावर अशा मांडाव्या लागतात की एक ट्रॅक दुसऱ्याला शिवणार नाही. हे काम पेठेतल्या बोळांतून लग्नाची वरात, पाण्याचा टँकर आणि शववाहिनी एकाच वेळी परस्परांना न भेटता नेण्याइतके सोपे आहे. सत्तावीस पाय सुखरूप जोडून होतात आणि अठ्ठाविसावा नेमका समोरच्या टोकाला जावयाचा असतो. त्याच्यासाठी पहिले सत्तावीस मोडावे लागतात. सॉफ्टवेअरला शेवटी ‘तपासणी’ करावयास सांगितले असता ते ‘एकही चूक नाही’ असा निर्वाळा देते, परंतु हा निर्वाळा केवळ ट्रॅकपुरता असतो, ट्रॅक आखणाऱ्यापुरता नसतो, हा भेद फलककारास फार पुढे कळतो.

आराखडा तांब्यावर उतरवण्याची घरगुती पद्धत पाकक्रियेला जवळची आहे. लेझर प्रिंटरवर गुळगुळीत कागदावर काढलेली प्रत तांब्याचा मुलामा असलेल्या फलकावर पालथी ठेवून वरून कडक इस्त्री फिरवली, की शाई तांब्याला चिकटते. मग तो फलक फेरिक क्लोराइडच्या द्रावणात बुडवला असता उघडे तांबे विरघळून जाते आणि शाईखालचे तेवढे राहते. तांब्याचा थर सर्वसाधारणपणे 35 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या तिसाव्या भागाहूनही किंचित जास्तच, असतो. तो जाण्यास प्रथम फार वेळ लागतो आणि नंतर अजिबात लागत नाही. फेरिक क्लोराइडचा पिवळट तपकिरी डाग मात्र मोरीच्या फरशीवर पडला की तेथील कायमचा रहिवासी होतो. इस्त्रीच्या तळाशी वितळलेली शाई बसल्यामुळे दुसऱ्या दिवशी फलककाराच्या पांढऱ्या सदऱ्याच्या पाठीवर चिपच्या चार पायांची सुबक नक्षी उमटली आणि कार्यालयात तीन जणांनी ती कोणत्या दुकानातून घेतली अशी चौकशी केली.

या पद्धतीतील खरा सापळा उलटसुलटपणाचा आहे. घटकांच्या बाजूने पाहिले असता ट्रॅक जसे दिसतात त्याच्या उलटे ते तांब्याच्या बाजूने दिसतात, आणि कागदावरून तांब्यावर उतरताना आकृती आणखी एकदा उलटते. अर्थात दोन उलटी परस्परांना रद्द करीत असल्यामुळे माणसाने स्वतः काहीही उलटे करावयाचे नसते. काहीही न करणे हेच जेथे बरोबर असते तेथे मराठी माणूस हमखास काहीतरी करतो. फलककाराने अर्धा तास हाताचा तळवा आरशासमोर धरून, तो पालथा-उताणा करून विचार केला, आणि सावधगिरी म्हणून आकृती एकदा उलटी केली. पहिल्या आवृत्तीवर कोरलेले स्वतःचे नाव उजवीकडून डावीकडे वाचता आले तेव्हा त्याचा उलगडा झाला. अशा वेळी चिप तांब्याच्याच बाजूने बसवून वेळ निभावता येते, परंतु तेथे सोल्डरिंगच्या तापलेल्या टोकाला शिरावयास वाट नसते. फलककाराने ती वाट काढली आणि आयसी बेसचा एक कोपरा वितळवला. भाचा तोवर सहावीत गेला होता.

दुसऱ्या आवृत्तीत आकृती सुलट उमटली, त्यामुळे इतर चुकांना वाव मिळाला. बॅटरीच्या 12 व्होल्टचे चिपला लागणारे 5 व्होल्ट करण्यासाठी 7805 नावाचा तीन पायांचा नियामक, म्हणजे रेग्युलेटर, वापरतात. हा नियामक जास्तीचे व्होल्ट अन्य कोणत्याही सत्कार्यी न लावता त्यांची सरळ उष्णता करतो. अर्धा अँपिअर प्रवाह घेतल्यास 7 व्होल्ट गुणिले अर्धा, म्हणजे साडेतीन वॅट उष्णता नखाएवढ्या जागेत तयार होते. तो तापला आहे का हे पाहण्याची शास्त्रशुद्ध पद्धत फलककारास ठाऊक होती, तरी त्याने बोट लावले. फार तापल्यावर 7805 स्वतःहून काम बंद करतो, अशी व्यवस्था त्याच्या पोटातच केलेली असते. त्या संपूर्ण प्रकल्पात कधी थांबावे हे कळणारा एवढा एकच घटक होता.

तिसऱ्या आवृत्तीत म्हणून 7805 काढून त्याच्या जागी तसाच दिसणारा 1117 जातीचा नियामक बसवण्यात आला. 7805 समोरून पाहिला असता त्याचे पाय डावीकडून प्रवेश, ग्राउंड आणि निर्गम या क्रमाने येतात. 1117 मध्ये ते ग्राउंड, निर्गम आणि प्रवेश असे येतात. जुळ्या भावांपैकी एकाच्या गळ्यात दुसऱ्याची वरमाला पडावी असाच हा प्रकार होता, फक्त येथे धूर निघाला. धूर नेमका कोठून निघाला हे पाहण्यासाठी फलककाराने वीज पुन्हा एकदा सुरू केली, आणि त्यामुळे निरीक्षण पक्के होण्यास मदत झाली. आतल्या खोलीतून आईने “काही करपतंय का रे?” असे विचारले, त्यावर “नाही, झालं करपून” असे सत्य उत्तर देण्यात आले.

चौथ्या आवृत्तीत वीज व्यवस्थित आली आणि चिपमध्ये पहिली आज्ञावली भरण्याचा सोहळा झाला. जगभर हा पहिला मान एक दिवा एक सेकंद लावणे आणि एक सेकंद विझवणे या आज्ञावलीला दिला जातो. दिवा लागला, घरातील मंडळींना बोलावण्यात आले, दिवा तसाच राहिला. पंधरा सेकंद वाट पाहून फलककाराने बोर्ड मृत असल्याचे जाहीर केले व वीज काढून घेतली. कारखान्यातून येणारी कोरी 328पी चिप बाहेरच्या 16 मेगाहर्ट्‌झच्या स्फटिकाकडे ढुंकूनही न पाहता आतल्या 1 मेगाहर्ट्‌झच्या लयीवर चालते, त्यामुळे तिच्या हिशेबाचा एक सेकंद घड्याळात 16 सेकंदांचा होतो, ही गोष्ट त्यास पुढच्या रविवारी समजली. घोषणा एका सेकंदाने लवकर झाली होती.

चिपला स्फटिकाची लय पाळावयास लावण्यासाठी तिच्यातील ‘फ्यूज बिट’ बदलावे लागतात. हे वितळणारे फ्यूज नसून चिपच्या मूलभूत सवयी ठरवणाऱ्या खुणा असतात, आणि त्यांत शून्य म्हणजे ‘होय’ व एक म्हणजे ‘नाही’ असा संकेत असतो. लग्न ठरवताना मुलीच्या मौनाचा अर्थ होकार घेणाऱ्या समाजात हे समजण्यास कठीण जाऊ नये. तरी फलककाराने जेथे होय म्हणावयाचे तेथे नाही म्हटले, आणि चिपने त्यानंतर कोणाशीही बोलणे सोडले. अशा रुसलेल्या चिपच्या रीसेटच्या पायाला 12 व्होल्ट देऊन तिला ताळ्यावर आणण्याची खास पद्धत आहे, परंतु त्यासाठी आणखी एक बोर्ड घरी तयार करावा लागतो. तो तयार करण्यात आठवी संपली. भाच्याची.

नव्या चिपने चौथ्या आवृत्तीवर दिवा बरोबर एका सेकंदाला लावून दाखवला, आणि तेव्हा कुठे कपाटावर धूळ खात पडलेल्या मोटारींची आठवण झाली. दिवाळीत जमलेल्या नातेवाइकांसमोर पांढऱ्या कार्डशीटवर काळी चिकटपट्टी लावून गाडी सोडण्यात आली. गाडीने एक आचका दिला आणि ती थांबली. पुन्हा एक आचका दिला आणि पुन्हा थांबली. याचे कारण असे, की थांबलेली मोटार सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते, त्यामुळे बॅटरीचा दाब खाली येतो, दाब ठरावीक पातळीखाली गेला की चिप स्वतःला बंद करून पुन्हा सुरू होते, सुरू झाली की आज्ञावलीच्या पहिल्या ओळीवर येते, आणि पहिली ओळ ‘मोटार चालू कर’ अशी असते. कायमच्या स्मृतीतील संकल्प शाबूत आणि तात्पुरत्या स्मृतीतील अनुभव पुसलेला, अशा अवस्थेत ती चिप तीच चूक दर वेळी नव्या उमेदीने करीत राहते. आईला तांत्रिक कारण ठाऊक नव्हते.

“घाबरतोय रे तो,” ती म्हणाली. “सगळ्यांनी असं एकदम बघू नका त्याच्याकडे.”

फलककाराने त्या रात्री झोपण्यापूर्वी पाचव्या आवृत्तीची फाइल उघडली.

पाचवी आवृत्ती घरी न करता कारखान्यातून करून घेण्याचे ठरले. कारखान्याकडे गर्बर नावाच्या स्वरूपातील फाइली पाठवल्या की तेथून आरशासारखे चकचकीत, हिरव्या वार्निशाचे, पांढऱ्या अक्षरांचे फलक घरपोच येतात, आणि ते एकटे येत नाहीत, पाच येतात. घरी केलेल्या फलकावर चूक एकच असते. कारखाना ती पाचपट करून, सुबक छपाईसह, टपालाने पाठवतो. या आवृत्तीत संगणकाशी संवाद साधणाऱ्या चिपचा बोलणारा पाय सूक्ष्मनियंत्रकाच्या बोलणाऱ्या पायाला आणि ऐकणारा ऐकणाऱ्याला जोडला गेला होता. एकाचे बोलणे दुसऱ्याच्या कानाशी जोडावयाचे असते हा साधा नियम आहे. परंतु ज्याने सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत बारा वर्षे हजेरी लावली आहे, त्याला फलककाराची जोडणी अस्वाभाविक वाटणार नाही. फलककाराने हिंमत न सोडता पाचही फलकांवर घटक बसवले, पाचही फलकांवर ट्रॅक पात्याने खरवडून तोडले आणि वरून बारीक तारांची फुली मारली.

या आवृत्तीत तत्त्वाखातर केलेली एक सुधारणाही होती. घरोघरच्या हौशी मंडळींचे आराध्यदैवत असलेला आर्डुइनो हा बोर्ड 2005 साली उत्तर इटलीतील इव्रेआ या गावी जन्माला आला. त्याचे नाव तेथील एका बारवरून पडले, आणि बारचे नाव 1002 साली इटलीच्या गादीवर बसलेल्या आर्डुइन या राजावरून. त्या बोर्डावरील छिद्रांतील अंतर सर्वत्र 0.1 इंच असताना 7 आणि 8 या क्रमांकांच्या छिद्रांमध्ये मात्र ते 0.16 इंच आहे. मूळ आराखड्यात झालेली ती चूक होती. परंतु ती लक्षात येईपर्यंत त्या मापाचे बोर्ड लोकांच्या हाती पडले होते, त्यांच्यावर बसणारे पूरक बोर्डही त्याच मापाचे निघत गेले, आणि चुकीला हात लावणे हीच चूक ठरली. फलककारास हे सहन झाले नाही. त्याने आपल्या बोर्डावर ते अंतर काटेकोरपणे 0.1 इंच ठेवले, आणि त्यामुळे त्या रांगेत कोणतीही चूक नसलेला, म्हणून बाजारातील कोणताही पूरक बोर्ड ज्यावर बसत नाही असा, फलक तयार झाला. मोटारींसाठी आणलेला पूरक बोर्ड त्यावर बसेना, तेव्हा त्याचे पाय पक्कडीने तिरके करण्यात आले. एक पाय तुटला.

मध्यंतरी भाच्याची दहावी आली, मग बारावी आली, आणि या दोन्ही वर्षांत त्याच्यासमोर ‘गाडी’ हा शब्द काढण्यास घरात बंदी होती. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतल्यावर तो एकदा सहज आला, पाचव्या आवृत्तीच्या तारा त्याने आदराने पाहिल्या आणि मग थोडा घुटमळला.

“मामा, एक सांगू? रागावू नकोस. कॉलेजच्या स्पर्धेसाठी मी तयार बोर्ड आणला. रविवारी सकाळी बसलो, संध्याकाळी गाडी चालायला लागली.”

फलककाराने चष्मा काढून पुसला. आतल्या खोलीत भांड्यांचा आवाज थांबला.

“मग?”

“मग काय, मजाच संपली. सोमवारी करायला काही उरलं नाही.” भाच्याने पाचव्या आवृत्तीवरून बोट फिरवले. “म्हणून म्हटलं, बोर्डच स्वतःचा करावा. तुझ्याकडची इस्त्री मिळेल का?”

इस्त्री वरच्या फळीवरून पत्नीने स्वतः काढून दिली, परत आणू नकोस एवढ्या एकाच अटीवर. फेरिक क्लोराइडची बाटली, हातड्रिल आणि अर्धवट वितळलेला आयसी बेस फलककाराने जुन्या वर्तमानपत्रात बांधला. आकृती उलटी करावयाची की नाही या प्रश्नाचे उत्तर त्यास आता पक्के ठाऊक होते, परंतु भाच्याने ते विचारले नाही आणि मामानेही आपण होऊन सांगितले नाही. शेवटी त्याने खणातून 22 पिकोफॅरडचे पाकीट काढून पुडक्यावर ठेवले. त्यात ब्याऐंशी कपॅसिटर शिल्लक होते, म्हणजे अजून एक्केचाळीस आवृत्त्या.